ब्रेक ऑइल हे ऑइल नसतं: जुन्या एमजीच्या ‘सात रामबाण उपायां’ना उत्तर

मंगळवारी रात्री पावणेअकराला भाच्याचा फोन आला. तो रेडिंगला राहतो, मी डिडकॉटला. “मामा, ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलीय. दुकानं बंद झाली. घरात पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली आहे, ती ओतू ना? मेसेजमध्ये चालतं म्हणून लिहिलंय.” पठ्ठ्या बॉनेट उघडून, बाटलीचं बूच काढून उभा होता. विचारायचं सुचलं हे नशीब.

मेसेज कोणता ते मला सांगावं लागलं नाही. ‘जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार? मेकॅनिकला विसरा! घरच्या घरी सात रामबाण उपाय’ हा मजकूर त्या आठवड्यात मला तिघांनी पाठवला होता. त्यातली एक माझी ताई, म्हणजे याचीच आई, थेट कोथरूडहून, खाली हात जोडलेले दोन इमोजी लावून. मुलाने मार्चमध्ये १९७१ ची एमजीबी जीटी घेतली, त्याला उपयोगी पडेल म्हणून. हेतू चांगला. मजकूर भयानक.

माझ्याकडे १९६९ ची एमजीबी आहे आणि ती मी एकोणीस वर्षं घरासमोरच्या फरशीवर स्वतःच दुरुस्त करतोय. मी इंजिनिअर नाही. पण माझ्याकडे कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल आहे, एकेडी ३२५९ क्रमांकाचं, ज्याची निम्मी पानं ग्रीसच्या बोटांनी पारदर्शक झालीत. खाली जे लिहितोय त्याचा मोठा भाग त्यातला आहे. उपाय क्रमाने घेत नाही. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

उपाय ३: “ब्रेक ऑइल संपल्यास कोणतेही पातळ तेल चालते. पॉवर स्टिअरिंगचे किंवा शिलाई मशीनचे उत्तम. तेल ते तेलच.”

या घोळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. आपल्याकडच्या गॅरेजात सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. मीही म्हणतो. पण ते ऑइल नसतंच. एमजीबीत जे घालतात ते ग्लायकॉलच्या कुळातलं द्रव असतं, आणि ब्रेकमधली रबरं त्याच द्रवात वर्षानुवर्षं बुडून राहतील अशा बेताने बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. शंका असेल तर पेल्यात पाणी घ्या आणि दोन थेंब टाका. ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळून जातं, तेल वर तरंगतं. तेल ते तेलच म्हणणाऱ्याने एवढं तरी करून बघायचं होतं.

रबर फुगलं तर काय होतं? पेडल दाबलं की द्रव चाकांकडे ढकलणारा जो मास्टर सिलिंडर, त्यात एक बारीक भोक असतं. पेडलवरून पाय काढला की चाकांकडचं जादा द्रव त्या भोकातून परत टाकीत येतं. फुगलेली रबरी वाटी त्या भोकावर चढून बसते. मग पेडल सोडलं तरी दाब उतरत नाही, ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, डिस्क तापतात, द्रव आणखी प्रसरण पावतं, ब्रेक आणखी आवळतात. सुरुवातीला वाटतं, गाडी आज जरा जड चालतेय. काही दिवसांत रबर मऊ होऊन त्याच्या कडा सुटतात, आणि एके दिवशी पेडल सरळ फळीला टेकतं. मी एकदा एका मित्राच्या मिजेटचं (एमजीचीच छोटी गाडी) मास्टर सिलिंडर उघडलं होतं, आधीच्या मालकाने त्यात काय ओतलं होतं देव जाणे. आतली वाटी घट्ट आणि लवचीक असायला हवी, ती पाण्यात भिजलेल्या मनुकेसारखी निघाली.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ब्रिटनमध्ये विकलेल्या १९७१ च्या एमजीबीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाडीत एक बाजू गेली तर दुसरी थोडंफार थांबवते. इथे गेलं की चारही चाकांचं गेलं, उरला फक्त हँडब्रेक. अशा गाडीत ‘कोणतंही पातळ तेल’!

चुकून ओतलंच असेल तर बाहेर काढून नवीन भरणं पुरत नाही. तेल रबरात मुरलेलं असतं. मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर यांतली सगळी रबरं आणि तिन्ही लवचीक होस पाइप बदलायचे, लोखंडी नळ्या धुऊन काढायच्या. मॅन्युअल तर ही रबरं पेट्रोल किंवा रॉकेलने पुसूही देत नाही, ब्रेक फ्लुइडनेच धुवा म्हणतं. क्लचही हायड्रॉलिकच आहे, शेजारीच त्याचा डबा, त्यालाही हाच नियम.

आणि मुळात ‘संपल्यास’ म्हणजे काय? ब्रेक फ्लुइड पेट्रोलसारखं जळत नाही. पॅड झिजतील तशी पातळी महिनोन्‌महिने किंचित उतरते, ते ठीक. पण आठवड्यात उतरली तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. मागच्या ड्रमच्या आत बघा. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा चाचपा. पेडल बॉक्सवरचा रंग फोडासारखा उठलाय का बघा, कारण हे द्रव रंग खातं आणि गळतीचा माग आपोआप दाखवतं. वरून काहीतरी ओतून पातळी सारखी करणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटरच फोडून टाकणं. या मेसेजमधले बहुतेक उपाय याच जातीचे आहेत: गाडी काहीतरी सांगतेय, तिचं तोंड दाबा.

ओतायचं असेल तर सीलबंद डब्यातलं डॉट ४ (ही ब्रेक फ्लुइडची प्रत). हवेतलं पाणी शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: कोरड्या डॉट ४ साठी किमान मर्यादा २३० अंश आहे, पाणी शिरलेल्यासाठी १५५. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. काहीजण सिलिकॉनचं डॉट ५ घालतात, ते रंग खात नाही हे खरं. पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळायचं नाही, एवढं पाळायला हवं.

उपाय ४: “लुकासची वायरिंग म्हणजे जन्माचा रोग. सगळी उपटून नवी टाका. तोवर फ्यूज उडाल्यास सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा.”

लुकास म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी. तिच्यावरचे विनोद मलाही येतात. इंग्रज कोमट बिअर का पितात, तर त्यांचे फ्रिज लुकासचे म्हणून. पण एकोणीस वर्षांत माझ्या गाडीच्या विजेच्या दहा तक्रारींपैकी आठ तरी अर्थिंगच्या (तारेच्या बॉडीशी असलेल्या जोडणीच्या) आणि तारा जोडणाऱ्या गंजलेल्या बुलेट कनेक्टरच्या निघाल्या. दिवा मंद आहे? दिव्यापासून बॉडीकडे जाणारी काळी तार सोडा, टोक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. पन्नास वर्षं पावसात उभ्या असलेल्या कोणत्याही कंपनीच्या गाडीला हे लागतंच.

उलट ही वायरिंग शिकायला सोपी आहे, कारण रंगांना अर्थ आहे. तपकिरी तार थेट बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी इग्निशन चालू केल्यावर. हिरवी इग्निशननंतर आणि फ्यूजमधून. जांभळी कायम जिवंत, पण फ्यूजमधून. लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. अर्ध्या तासात पाठ होतं.

आणि चांदी? या गाडीत तपकिरी आणि पांढऱ्या तारांच्या वाटेत फ्यूजच नाही. संरक्षण आहे ते मुख्यतः हिरव्या-जांभळ्यांना. चांदी गुंडाळली की तेही गेलं, पुढचा शॉर्ट डॅशबोर्डामागे धूर होऊन भेटेल. शिवाय मेसेजवाल्याला ठाऊक नसलेली गोम: लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, ते उडण्याचं माप आहे. सतत वाहायची क्षमता १७. दुसऱ्या पद्धतीचा ‘३५’ आणून बसवलात, ज्यात तो आकडा सतत वाहणाऱ्या करंटचा असतो, तर तो उडायच्या आधी तार वितळेल.

उपाय १: “जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. बॅटरी उलटी जोडावी.”

पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्याच होत्या, डायनामोसकट. त्या वर्षाच्या शेवटी मार्क २ ही पुढची आवृत्ती आली, तिच्याबरोबर निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर. भाच्याची १९७१ ची. तिला उलटी बॅटरी जोडली की अल्टरनेटरमधले डायोड तत्क्षणी जातात. साल बघा, मग सीटमागचं झाकण उचलून बघा. तिथे मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकीमागे एक जोडलेल्या. बॉडीला जाणारी पट्टी कोणत्या टोकाला आहे ते दोन मिनिटांत कळतं. अर्थात मधल्या काळात कोणी बदल केला असेल तर सालावरही विसंबू नका, पट्टीच बघा.

उपाय ५: “कार्ब्युरेटरच्या टोपीखाली तेल घालू नये, ते पेट्रोलात मिसळते.”

एमजीबीचा एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, ज्याने कधी उघडला नाही त्याचं हे वाक्य. त्या टोपीखालचं तेल वंगण म्हणून नसतं, ते धक्का शोषतं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की आतला पिस्टन झटकन वर उडू पाहतो. तेल त्याला क्षणभर रोखतं, तेवढ्यात हवेचा वेग वाढून पेट्रोल जास्त ओढलं जातं, आणि गाडी अडखळत नाही. तेल नसेल तर दर सिग्नलला गाडी ठसका देते आणि माणूस इग्निशनच्या पॉइंट्सना शिव्या घालत बसतो. पोकळ दांड्याच्या टोकावर साधारण १३ मिलिमीटर राहील इतकं इंजिन ऑइल, दोन्ही कार्ब्युरेटरांत. हे मात्र खरंखुरं ऑइल.

उपाय २: “थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी कधीच तापणार नाही. रेडिएटर कोलाने धुवा.”

कोलावर मी वेळ घालवणार नाही. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, सांगतो, कारण हा सल्ला कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या बाबांची ॲम्बेसिडर होती. मूळची ती मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या १७९८ सीसीचं सख्खं भावंड, दोन्ही बी-सिरीज नावाच्या एकाच इंजिन-घराण्यातली. मे महिन्यात घाट चढताना तिचा थर्मोस्टॅट काढून ठेवलेला मीच पाहिलाय. पण त्यावरही कारखान्याचं उत्तर होतं: नेहमीचा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, उष्ण देशांसाठी ७४ चा, थंडीसाठी ८८ चा. रेडिंगच्या जानेवारीत तो काढून टाकलात तर इंजिन तापतच नाही, चोक ओढून फिरावं लागतं, ऑइलमध्ये पाणी साठून टोपीखाली पिवळट साय धरते. गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते बघा.

उपाय ६: “आजचे पेट्रोल जुन्या इंजिनाला विष. लिटरमागे चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घालावे.”

इथे पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्रास विक्री १९९९ अखेर थांबली. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींवर थर धरून त्यांची झीज रोखत असे. तासन्‌तास मोटरवेवर गाडी पिटाळली तर बैठका झिजू शकतात. उपाय म्हणजे हेड उघडेल तेव्हा कडक बैठका बसवणं, तोवर त्यासाठीच मिळणारं ॲडिटिव्ह. टू-स्ट्रोक ऑइलने प्लग काळे होतील, शेजारी वैतागतील. दुसरी गोष्ट इथेनॉलची. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं, आणि जुन्या रबरी पेट्रोल नळ्यांना ते मानवत नाही. सुपर प्रतीचं पेट्रोल घ्या, ते बहुतेक पंपांवर अजून ई५ आहे. नळ्या नव्या प्रतीच्या टाका. पुण्यात ई२० वरून जी भांडणं चाललीत त्यात मी पडत नाही.

उपाय ७: “चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी लागत नाही. म्हणजे सरकारच म्हणते, तपासणीची गरज नाही.”

एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी. पहिलं वाक्य खरं. मे २०१८ पासून, मोठे फेरफार केलेले नसतील तर, तिची सक्ती नाही. दुसरं वाक्य खोटं. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट, मग ती कितीही म्हातारी असो. सक्ती नसली तरी एमओटी करून घेता येते. मी दर वर्षी घेतो. लिफ्टवर चढलेली गाडी खालून बघायला मिळते, त्या मानाने स्वस्त पडतं.

भाच्याने ती बाटली ओतली नाही. शनिवारी सकाळी ट्रेनने त्याच्याकडे गेलो. गाडी स्टँडवर घेतली, नुसत्या जॅकवर नाही. डावा मागचा ड्रम काढला तर आत सगळं ओलं, ब्रेक शूज भिजलेले. व्हील सिलिंडर गळत होता. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शूज नवे टाकले, मग तो पेडलवर आणि मी चाकाजवळच्या निपलवर असं सगळ्या चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे नळ्यांतली हवा काढली. “दाब. धर. सोड.” दुपारचे तीन वाजले. पेडल आता वरच्या वर घट्ट लागतंय. तरी त्याला सांगून आलोय, पंधरा दिवस एक दिवसाआड पातळी बघ, आणि उतरली तर फोन कर, पावणेअकरा वाजले असले तरी.