पंचेचाळीस अंशांत जंतू मरत नाहीत

गेल्या आठवड्यात आमची मोठी आई रात्रीच्या पंगतीला सकाळी सहा वाजता शिजवलेला भात वाढू लागली. विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. उन्हाळ्यात स्वयंपाकघर थंड ठेवण्याचे उपाय सांगणारा तो संदेश बचत गटापासून भजनी मंडळापर्यंत गावभर फिरला असून मलाच तो चौघांनी पाठवला होता.

त्यातला पहिला उपाय असा: दोन्ही वेळचे वरण-भात पहाटेच शिजवून झाकून ठेवा, बाहेर ४५ अंश तापमान असताना अन्नात जंतू जगत नाहीत आणि उरलेसुरले रात्रीच्या एका उकळीत मरतात. माणूस कासावीस होतो म्हणजे जंतूही होत असतील, एवढाच या तर्काचा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न ठेवणे धोक्याचे असते आणि शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना कितीही तापला तरी या पट्ट्याबाहेर जात नाही. उकळीचे तर विचारूच नका. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट ओलसर भातात रुजून वाढतात आणि वांती घडवणारे जे विष सोडतात, ते पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाही. मोठ्या आईच्या गंजाचे झाकण उचलले तेव्हा आतून पाणी ठिबकत होते आणि शिते बोटाला चिकटत होती. “वास कुठं येऊन राह्यला?” हा तिचा प्रश्न खराच होता, पण या विषाला वास नसतो. गंज उकिरड्यावर रिकामा करावा लागला.

पहाटे स्वयंपाक उरकावा, एवढे मात्र मान्य करावे लागते. आमच्या घरी ते पिढ्यांपासून चालत आले आहे. फक्त रात्रीसाठी उरत असे ती ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि कांदा, म्हणजे कोरडे अन्न. आंबील टिकते ती आंबल्याने आलेल्या आम्लामुळे, आणि ते संरक्षण साध्या भाताला नसते.

कुकरच्या वाफेने घर तापते म्हणून डाळ उघड्या गंजात शिजवा, हा दुसरा उपाय उलटा आहे. उघड्या गंजात आच अधिक वेळ जळते आणि वाफही अधिक निघते. तुरीची डाळ तासभर भिजवून कुकरला लावली की काम लवकर आटोपते.

झळा आत येऊ नयेत म्हणून चूल पेटलेली असताना दारे-खिडक्या बंद ठेवा, हे वाचून मात्र संताप आला. दुपारी चूल विझलेली असताना दारे लावून घेणे ठीक आहे. पेटलेल्या चुलीचा धूर आणि रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत कोंडला, तर थंडाव्यापेक्षा जिवाची काळजी करावी लागेल. आपल्याकडे उन्हाळ्यात चूल अंगणात मांडवाखाली का नेतात, हे तो संदेश लिहिणाऱ्याने कोणत्याही म्हातारीला विचारले असते तरी पुरे होते.

मोठ्या आईने तो संदेश अजून पुसलेला नाही. रात्रीपुरते तांदूळ मात्र आता ती ऊन कलल्यावर भिजत घालते आणि अंगणातल्या चुलीत पऱ्हाट्या सारून गंज चढवते.