राहिलेली वीस मिनिटं

तिकीट काढून थेटरात नेतो म्हटलं की आमच्या हिचं डोकं दुखतं. बागेत फुकट सिनेमा आहे म्हटल्यावर मात्र दुपारी चारलाच सतरंजी झटकून तयार. "अहो, तुम्ही पुढे होऊन जागा धरा. मी थर्मास घेऊन येतेच."

कोथरूडमधल्या आमच्या बागेत मे महिन्यात दर शनिवारी आधी गाणी, मग सिनेमा. सगळं मोफत. साडेपाचला सतरंजी काखोटीला मारून पोचलो, तर हिरवळीवर रुमाल, छत्र्या, एक चप्पल आणि दुधाची रिकामी पिशवी अशी रिझर्वेशनं आधीच पसरलेली. एका आजोबांनी तर चक्क नातू आडवा घालून सहा जणांची जागा धरली होती. मला मिळाला कचरापेटीजवळचा कोपरा. दिवसभर ऊन पिऊन बसलेली जमीन सतरंजीतूनही चटके देत होती. खाली तवा आणि वर डास.

आता जरा गणित. पुण्यात मेमध्ये सूर्य मावळतो सातच्या सुमारास. पुढे अर्धा तास उजेड रेंगाळतो आणि त्याच्यापुढे प्रोजेक्टर म्हणजे ट्यूबलाइटपुढे काजवा. म्हणजे साडेसातच्या आत सिनेमा लागत नाही. इकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. मधे उरले अडीच तास. सिनेमा पावणेतीन तासांचा. चौथीतल्या पोरालाही हे सुटेल, पण पोराला समितीत घेत नाहीत.

न्यू जर्सीतला माझा भाऊ म्हणतो, तिकडे जूनमध्ये सूर्यच साडेआठला मावळतो, तोवर लोक पार्कात डबे खात बसतात. मग सिनेमा. अध्यक्षांचं भाषण हा प्रकारच नाही म्हणे.

आमच्याकडे आहे. आणि भाषणाआधी गाणी. गाणी म्हणजे कराओके. निवृत्त माणसाला पहिला ब्लूटूथ माइक कोणी भेट दिला, त्याला एकदा भेटायचंय मला. ट्रॅक पुढे निघून जातो आणि काका त्याच्यामागे, सुटलेली पीएमटी पकडावी तसे. कडव्याच्या स्टॉपवर जेमतेम गाठ पडते, एक पाय फूटबोर्डवर टेकतो, की ती पुन्हा सुटते. वन्स मोअर घरचेच देतात, पण खटलं मोठं असतं.

शेवटी सात पस्तीसला सिनेमा लागला. रहस्यपट. खून झाला, दुसराही झाला, तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या काकू भेळ आणायला गेल्या. खरं सांगायचं तर मजा येत होती. वारा सुटला होता, पडद्याचं पोट मधेच फुगे आणि सडपातळ हिरॉइन क्षणभर आठवा महिना लागल्यासारखी दिसे.

लहानपणी गणपतीत भर रस्त्यात पांढरा पडदा बांधून सोळा एमएमचे सिनेमे दाखवत. पुढे जागा नसली की आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. तिथून पाट्या उलट्या आणि नट डावखुरे. एका हिरोला तर मी कॉलेजात जाईपर्यंत डावरा समजत होतो. पण शेवट दिसायचा हो! रीळ तुटायचं, जोडायचे, बारा वाजायचे, एक वाजायचा, पण व्हिलन मेल्याशिवाय कोणी उठत नसे.

इथे इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, सावकाश पाइप पेटवला, बोट उचललं... आणि दहा वाजले. आवाज गेला. बोट हवेत फिरतंय, ओठ हलताहेत, आम्ही तीनशे माणसं श्वास रोखून बसलोय, तेवढ्यात वॉचमनने शिट्टी फुंकत मेन स्विचच पाडला. अंधारात कोणीतरी विचारलं, "अहो, पण खून केला कोणी?" दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, "समितीने."

आठवडाभर सोसायटीत दोन तट. निम्मे मॅनेजरच्या मागे, निम्मे विधवा वहिनीच्या. शेवटी समितीने जाहीर केलं, की येत्या शनिवारी राहिलेली वीस मिनिटं सर्वांत आधी, गाण्यांच्याही आधी दाखवण्यात येतील.

बरोबर सहाला दाखवली. ऊन थेट पडद्यावर. लाउडस्पीकरला परवानगी होती, त्यामुळे आवाज खणखणीत. दिसत मात्र नुसता पांढरा पडदा आणि त्यावर बसलेला कावळा. इन्स्पेक्टर गरजला, "खुनी दुसरा-तिसरा कोणी नसून तू आहेस!" पाठोपाठ थोबाडीत बसल्याचा आवाज, बेड्यांची खळखळ, संगीत, संपला.

"तू म्हणजे कोण?" मी विचारलं.

"डॉक्टर," काकू ठामपणे म्हणाल्या. "मला पहिल्यापासूनच संशय होता."

"काकू, डॉक्टरचाच तर तिसरा खून झाला."

"असं?" काकूंनी पर्समधून सुटे पैसे काढले. "मी तेव्हा भेळ आणायला गेले होते."