नरसम्माची नरसाबाई कुणी केली?

आज दुपारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका काउंटरवरून सत्तरीच्या विडी कामगार आजीला परत पाठवलं. विडी कार्डावर, म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावर नरसम्मा, आधारवर नरसाबाई. ‘नाव जुळत नाही.’ झालं! उभा जन्म पानं कातरून विड्या वळल्या, आणि आता स्वतःचंच नाव सिद्ध करायचं?

अहो, नरसम्मा म्हणजे नरसिंहाचं नाव आणि पुढे तेलुगूतली अम्मा, आई. कन्नडमध्ये तीच अव्वा होते: नागव्वा, मल्लव्वा. मराठी लिहिणाऱ्याच्या हाती गेली की बाई. आजीनं नाव बदललंच नाही, फॉर्म भरणाऱ्यानं परस्पर भाषांतर करून टाकलं.

आडनावाची वेगळीच तऱ्हा. तेलुगू घरात इंटिपेरू, म्हणजे घरनाव, आधी लागतं आणि नाव मागून. आपला फॉर्म मागतो नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग घरनावच पहिल्या रकान्यात जाऊन बसतं. एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर.

खोटे दावे होतात, तपासावं लागतं, मान्य. पण फोटो तोच, पत्ता तोच, समोर आजी उभी. निदान काय आणायचं ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं!

असो. घरात अशी आई-आजी असेल तर आजच विडी कार्ड, रेशन कार्ड, मतदार कार्ड, पासबुक, पॅन, आधार समोर मांडा. मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा. एकच रूप ठरवा, मगच आधारला हात लावा. तिथं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, घाईत एक संधी वाया जाते. पीएफच्या जुन्या खात्यात नाव दुरुस्त करायला बहुधा जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि कारखानदार यांचा एकत्र अर्ज भरावा लागतो, त्यावर कारखानदाराची सही लागते. काम चालू आहे तोवरच ती घ्या. कारखाना बंद पडला की ही सही मिळवणं अवघड होतं.

सुनांनो, लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलणार असाल तर सगळीकडे बदला, अर्धवट ठेवू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. तुमच्या कागदावरची चूक आता बाळाच्या दाखल्यावरही उतरेल.

त्या आजीच्या कार्डावर अम्मा आहे. तेच ठेवायचं, आधारवरची बाई काढायची. आणि आधार केंद्रावर पावती हातात घेण्याआधी ऑपरेटरला स्क्रीन वळवायला सांगा, नाव मोठ्यानं वाचून घ्या.