शेवट तुम्हीच ठरवून ठेवला तर कथा मी कायले लिहू?

आज बोलूनच टाकते, डोकं पार फिरलं आहे. एक कथा आषाढापासून अडून पडली आहे, पोळ्याच्या आत पाठवा असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आहे, आणि जो तो मला सल्ला देऊन राहिला. काय तर म्हणे पहाटे पाचला उठा, मन शांत असतं, लिहायला बसा. अहो पाचला उठतेच ना मी! आमच्या गावात पाचला कोणती बाई झोपून असते? नळ त्याच टायमाला येतो, तोही एक दिवसाआड, मग पाणी भरा, सडा टाका, पोरांचे डबे करा आणि आठच्या आत निंदणाला शेतात पोचा. यात शांत मन कुठून आणायचं ते पण सांगा ना मग. दुसरा म्हणतो जागा बदला, कुठं कॅफेत जाऊन बसा. इथं फाट्यावर एक चहाची टपरी आहे, तिथं बाई वही घेऊन बसली तर ती घरी पोचायच्या आधी घरी येऊन सांगणारे चार जण निघतात. तिसरा म्हणतो रोज पाचशे शब्द लिहायचेच, काही झालं तरी लिहायचेच. म्हणजे लाइन गेली तरी? पावसाळ्यात जरा वारं सुटलं की गावची लाइन जाते ती कधी येईल ते कोणी सांगत नाही, मोबाइलच्या उजेडात लिहायला घेतलं की पाखरं वहीवर येऊन पडतात, ती झटकत झटकत मी लिहिते. तरी लिहिते.

पण वेळ नाही म्हणून कथा अडली असं कोणी समजू नका. वेळ मी काढते, सगळे झोपले की काढते. विषयही संपले नाहीत, या एका गावात माझ्या आयुष्याला पुरून उरतील एवढे विषय आहेत. तरी वही उघडते, कथेतली बाई, शेवंता माझी, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभी राहते आणि पुढं सरकतच नाही. एक ओळ लिहिते, खोडते, पुन्हा तीच लिहिते, पुन्हा खोडते, शेवटी कागद फाटतो. सासूबाई अंथरुणातून विचारतात, "काय व बाई, का लिवून राहिली एवढ्या रातीची?" आणि मला सांगताही येत नाही की लिहून नाही राहिली, खोडून राहिली.

१९४०च्या दशकात एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकानं या दुखण्याला रायटर्स ब्लॉक म्हटलं. त्याचं म्हणणं असं की लेखक आतून स्वतःच स्वतःला छळतो, म्हणून त्याचा हात थांबतो. असेल त्याच्या पेशंटांचं तसं. माझा छळ मी नाही करून राहिली, मला छळणारे बाहेरून येतात, फोन करून येतात, आणि गोड बोलून येतात.

एका अंकाच्या संपादकांनी कथेचा विषय ऐकला आणि म्हणाले, "ताई, विदर्भाची कथा आहे ना, मग शेवट तसा येऊ द्या. वाचक हलला पाहिजे." तसा म्हणजे कसा ते मला बरोबर कळतं. शेवंताच्या नवऱ्यानं जीव दिला पाहिजे. वरून म्हणे कापसावरची बोंडअळी घाला, सावकार घाला, फवारणीतली विषबाधा पण येऊ द्या कुठंतरी. कुठंतरी! २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली, कोणाचे डोळे गेले, त्याच हंगामात गुलाबी अळीनं बोंडं आतून पोकळ केली, आणि हे सगळं मी कथेत कुठंतरी येऊ द्यायचं? चवीपुरतं? आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ ला बायकापोरांसकट जीव दिला, त्या तारखेला लोक अजूनही दिवसभर अन्नत्याग करतात. हे दुःख आमच्या घरचं आहे. मी ते झाकून ठेवा असं म्हणत नाही, ज्याला त्यावर लिहायचं त्यानं जीव ओतून लिहावं. पण माझ्या शेवंताच्या घरात कोणी मरत नाही हो! ती जगते, तिचा नवरा जगतो, दोघं भांडतात, उधारी करतात, पोरीला तालुक्याच्या कॉलेजात टाकतात, आणि मला ते लिहायचं आहे. आमच्या गावात जगणारे जास्त आहेत, त्यांच्यावर कथा नाही होत का?

आणि एकदा कोणी शेवट डोक्यात टाकला ना, की तो निघत नाही. तुम्ही दुसऱ्या पानावर असता आणि दहाव्या पानावरचं मढं तिथून दिसत असतं. मग पात्र जे बोलेल ते त्या मढ्याकडं नेणारं, पाऊस पडला तरी तो त्याच्यासाठीच पडतो, नवरा चहा प्याला तर तो शेवटचा चहा. असं कसं कोणी पुढं चालेल? शेवंता धुऱ्यावर थांबली ती म्हणूनच थांबली, तिला माहीत झालं होतं तिला कुठं घेऊन चाललेत ते.

भाषेचा ताप तर वेगळाच. संवाद वऱ्हाडीत ठेवा पण थोडे, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जातात म्हणे. थोडे म्हणजे किती? शेवंतानं अर्धं वाक्य वऱ्हाडीत बोलायचं आणि अर्ध्यात पुस्तकातल्या बाईसारखं? ती बोलायला तोंड उघडते आणि मी मधातच मोजत बसते की हे चालेल का, हे कळेल का, आणि तोवर ती गप्प होते. दिवाळी अंक १९०९ पासून निघून राहिले, शंभर वर्षं उलटून गेली, एवढ्या वर्षांत वाचकाला आमची भाषा ऐकायची सवय लागायला नको होती का? आम्ही तुमची वाचतोच ना, कोणतीही तक्रार न करता, पहिलीच्या पुस्तकापासून.

शेवटी एका रात्री मी ती सगळी पानं मिटून बाजूला ठेवली. शेवट नाही, सुरुवात नाही, कथेत कुठं बसेल तेही नाही, फक्त कापूस वेचणीच्या दिवशी संध्याकाळी वजनाच्या काट्यावर काय होतं ते लिहायला घेतलं. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून दिवसभर वाकून झाल्यावर बाईची नजर त्या एका काट्यावर असते. कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगलेला, बायका आपापली गाठोडी घेऊन उभ्या, बोंडाची टोकं घुसून घुसून बोटांच्या कडा सोललेल्या. मालक शेवंताचं गाठोडं अडकवतो, आकडा वाचतो आणि त्यातून दोन किलो कापतो, कारण काय तर सकाळी दवात वेचला, ओला आहे. आजवर सगळ्या ऐकून घेत आल्या. आणि माझी शेवंता, जी इतके दिवस धुऱ्यावर मुकी उभी होती, ती गाठोड्याची गाठ सोडून म्हणते, "सकायची वल आता कुठी राह्यली भाऊ? दिवसभर उनात पडेल हाय हा. हात घालून पाह्य ना!"

तिथून कथा निघाली. मी नाही काही केलं, तीच बोलली. मालक हात घालत नाही, मग तिच्या मागची म्हातारी पुढं येऊन हात घालते, मग दुसरी, आणि मला पुढचं माहीत नव्हतं म्हणून मी लिहीत गेले, पहाटे नळाला पाणी आल्याचा आवाज झाला तेव्हा उठले. तर ज्यांची कुणाची कथा अडली आहे त्यांनी ते पाचशे शब्द आणि ते कॅफे राहू द्या बाजूला. शेवटाकडं पाहू नका, पात्राच्या हाताला काम द्या, तुम्हाला नीट माहीत असलेलं काम द्या, आणि त्याला त्याच्या बोलीत तोंडभर बोलू द्या. कोणाला कळेल न कळेल ते नंतर पाहता येतं.

कथा अजून पुरी व्हायची आहे. पोळ्याच्या आत जाईल तर जाईल. पण नवरा मरणार नाही, शेवंता पुण्याच्या बाईसारखी बोलणार नाही, आणि काट्यावरचे ते दोन किलो तिला परत भेटतात की नाही ते मी लिहिता लिहिताच ठरवणार. ज्यांना असा शेवट चालत नसेल त्यांनी कथा छापू नये, पण मधातच फोन करून मला कोणाला मारायचं ते सांगू नये. पुढच्या वेळी मी फोन उचलणार नाही.