जत्रेतील नाटकाच्या थेट प्रक्षेपणाच्या प्रेक्षकसंख्येबाबत खुलासा

फोंडा तालुक्यातील आमच्या जत्रेतल्या संगीत नाटकाच्या यूट्यूब प्रक्षेपणाखाली दिसणारा व्ह्यूजचा आकडा म्हणजे त्या रात्री एकाच वेळी पाहणारे प्रेक्षक, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. व्ह्यूज ही एकूण बेरीज असून प्रक्षेपण संपल्यानंतर तीच चित्रफीत पाहणारेही तीत मिळत जातात, तर एका क्षणी किती जण जोडलेले होते हे यूट्यूब स्टुडिओ या चॅनेल चालवणाऱ्यांसाठीच्या साधनातील समवर्ती प्रेक्षकांच्या आलेखातच दिसते. नांदीला चढलेली त्यातली रेघ मध्यंतरात घसरली, हेही सांगितले पाहिजे. अर्थात दुबईत एका टीव्हीसमोर बसलेले अख्खे गोमंतकीय कुटुंब तिथे एकच धरले जाते. देणगीदारांना आकडा दाखवायचाच असेल, तर पाहण्याचा सरासरी कालावधी सोबत द्यावा.