आमच्या जर्मनीतलं फुकट

आमच्या बी.एस्सी.च्या ग्रुपवर बापूने परवा पुन्हा तोच सूर लावला. संशोधनाची जर्नल्स वाचायला सरकारने सहा हजार कोटी परदेशी प्रकाशकांच्या घशात घातले, आणि ‘तिकडे जर्मनीत बघा, सगळं ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही वाचायला खुलं, फुकट!’ खाली बारा अंगठे.

बापू साताऱ्याकडे एका विनाअनुदानित कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. ते पैसे ज्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचे, तिच्यात 2025 ते 2027 अशी तीन वर्षं, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स सहा हजारांवर संस्थांना मिळणार आहेत. पण त्या सरकारी संस्था. बापूचं कॉलेज त्यात नाही. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने साय-हब, म्हणजे शोधनिबंध चोरून फुकट देणारी साइट, तीही भारतात बंद झाली. तेव्हापासून पीडीएफ मलाच मागतो. चिडणारच.

पण फुकट? अरे, मी राहतो त्या जर्मनीत 2018 च्या उन्हाळ्यात एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाशी बोलणी फिसकटली आणि जर्मन विद्यापीठांना नवे अंक मिळेनासे झाले. करार व्हायला 2023 उजाडलं. तोवर लोक लेखकांना ई-मेल करून निबंध मागवत होते, कुणी गळा काढला नाही. (आपल्याकडे एक दिवस सर्व्हर बंद पडला की निवेदनं सुरू होतात.) आणि वायली (2019), मग स्प्रिंगर नेचर (2020) या प्रकाशकांशी झालेल्या करारांत दर काय होता, तर छापलेल्या निबंधामागे 2,750 युरो. म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. वाचणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याच्या बाजूने बिल फाडायचं, एवढंच. ‘नेचर’ या जर्नलने तर 2021 मध्ये निबंध खुला करायला 9,500 युरो लावले होते. आपल्या योजनेचा भर वाचण्यावर आहे. वर्गणी थांबली की दार बंद. इथला निबंध एकदा मोकळा झाला की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावातला शेतकरीही उघडू शकतो. हा फरक बापूला दिसत नाही, याचाच मला राग येतो.

कोरेगाव उगाच नाही म्हटलं. तिथल्या विहिरींच्या पाणीपातळीवर आमचा दोघांचा निबंध 2022 मध्ये आला. मोजमापं बहुतेक बापूची. पोलादी फितीच्या टोकाला खडू घासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं. मे महिन्यात, मोटारसायकलवरून, गावोगाव. मी इथे ग्योटिंगेनमध्ये हीटर लावून आलेख काढले. पण करारात पैसे भरले जातात ते करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, जर्मन संस्थेचा असेल तरच. म्हणून तो मी. तोडगा बापूनेच सुचवला होता.

त्या निबंधाखाली माझा पत्ता जर्मन आहे आणि नकाशा सातारा जिल्ह्याचा. इथे सेमिनारला मी ‘आमच्याकडे पाऊस कसा पडतो’ ते सांगतो, आणि ग्रुपवर ‘आमच्याकडे करार कसे होतात’ ते. दोन्हीकडे लोक ऐकून घेतात. दोन्हीकडे मी थोडा पाहुणाच. नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलाय, पाठवला नाही. हे ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं.

तिथे मी फक्त आकडे टाकले, जरा जास्तच झणझणीत भाषेत. बापूने वाद घातला नाही. रात्री वेगळा मेसेज आला, की यंदाची मोजमापं पूर्ण झालीत, एक्सेल पाठवतोय, ‘पत्ता तुझाच टाकू ना?’