पदवी हवी? आधी मिनर्व्हाची सोय करा

साल १६७० च्या सुमाराचं आहे आणि तुम्ही प्रागच्या क्लेमेंटिनम महाविद्यालयात जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली तत्त्वज्ञान शिकताय, असं धरून चालू. आता भरसभेत वाद घालून आपले सिद्धान्त सिद्ध करायचे, की पदवी हातात. अशा ऐन वेळी अॅरिस्टॉटल उघडून बसायचा वेडेपणा करू नका. सिद्धान्त बरेचदा अध्यक्षस्थानी बसलेल्या प्राध्यापकांचेच असतात. त्यांचं ते बघून घेतील. तुम्ही चित्राचं बघा.

चित्र म्हणजे थीसिसचं, अर्थात त्या सिद्धान्तांचं, पत्रक. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला भलाथोरला कागद. एका पत्र्यात वैभव मावलं नाही, तर दोन-तीन पत्र्यांवरून छापून कागद जोडायचे. वर अख्खा स्वर्ग, खाली जागा उरलीच तर सिद्धान्त. हेच निमंत्रण म्हणून वाटायचं, त्यामुळे सभेला कोण येतं हे तुमच्या बुद्धीपेक्षा कागदाच्या आकारावर ठरेल.

पत्रक कोणाला अर्पण करायचं? इथे भावनेच्या आहारी जाऊ नका. भाबडी मुलं मेरीमातेला अर्पण करतात. पुण्य लागतं, पण छपाईचे पैसे ती माउली देत नाही. एखादा सरदार गाठा. खुद्द सम्राट लिओपोल्ड पावले, तर दुधात साखर.

सरदारसाहेब विद्वान आहेत, असं लिहिलंत तर ती खुशामत. विद्येची रोमन देवी मिनर्व्हा त्यांचा हात धरून त्यांना कीर्तीच्या देवळाकडे नेतेय, असं दाखवलंत तर ते रूपक. रूपकाला कोणी पुरावा मागत नाही. साहेबांनी रानडुकराखेरीज कोणावर शस्त्र उगारलं नसेल, तरी मागे युद्धदेव मार्स उभा करा. त्यांच्या कुलचिन्हात सिंह असला तर तुमचं नशीबच! तो सिंह पाखंडाच्या अनेकमुखी सापाला फाडताना दाखवा. साहेबांना जागचं हलायलाही नको.

रूपकं सुचत नसतील तर रीपाचं ‘इकोनोलोजिया’ हे रूपकांचं पुस्तक उघडा. हा चेझारे रीपा रोममध्ये एका कार्डिनलच्या पदरी होता, जेवणावळीत मांस कापून वाढायच्या कामावर. १५९३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात चित्रं नव्हती, १६०३ च्या आवृत्तीत आली, आणि युरोपभरच्या चित्रकारांचा विचार करायचा त्रास वाचला. मत्सर हवाय? सापवाली म्हातारी. सत्य? हातात सूर्य घेतलेली नग्न स्त्री. हिला मात्र साहेबांपासून जरा लांब उभी करा. नग्नतेचं काही नाही हो, सत्याचं म्हणून.

आराखड्यासाठी चित्रकार कारेल श्क्रेटा इथेच गावात आहे. कोरायला मात्र जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या बार्थोलोमेउस किलियानकडेच पाठवा. त्या घराण्यात कोरणी पिढीजात चालते. तो तांब्यातून केसाएवढ्या रेघा काढतो, त्या रेघांत शाई भरायची, वरून पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबायचा. पत्र्यावर साहेबांचं नाव उलटं दिसेल. घाबरू नका, कागदावर सुलटं येतं.

एवढं परवडत नसेल, तर सरळ काही वर्षं नापास होत राहा. पुढे ऑग्सबुर्गचे प्रकाशक तयार पत्रे ठेवू लागतील: ढग, संत, देवदूत सगळं आधीच केलेलं, मजकुराची जागा कोरी. फक्त नाव घालायचं.

आणि सिद्धान्तांचं काय? १६७३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेल्या मोलिएरच्या नाटकात एक होतकरू डॉक्टर नियोजित वधूला आपला थीसिस भेट देतो. रक्त शरीरात फिरतं म्हणणाऱ्यांचं त्यात खंडन आहे. ती बिचारी अवघडते, पण घरची मोलकरीण चटकन म्हणते, द्या इकडे, चित्रासाठी चांगलाय, खोलीत लावायला होईल. तेव्हा किलियानला पत्र लिहाल त्यात एवढं जरूर कळवा, की मजकूर अगदी तळाशी, एका सरळ पट्टीत बसवा. म्हणजे भिंतीवर लावताना लोकांना तो कापून टाकायला सोपा जाईल.